पंचवीसचा कट्टा

गिरिजाबाईनं जन्मात कुणाच्या काडीला हात लावला नव्हता. त्या शनिवारी महबूबभाईच्या शेडमधनं पंचवीस सेल पिशवीत घालून घरी आणले, तेव्हाही आपण काही वंगाळ करतोय असं तिच्या मनाला शिवलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं ऐकताना तुम्ही तिला बोल लावाल. तीस वर्षं विड्या वळलेली बाई ती. विडीच्या धंद्यात काम म्हणजे घरी न्यायचीच वस्तू. कारखान्यातनं पान-तंबाखू आणायचा, मांडीवर सूप घेऊन घरात वळत बसायचं, पंचवीस विड्यांचा एक कट्टा दोऱ्यानं बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचा. पोरगी पाळण्यात, भात चुलीवर आणि विडी हातात. काम तिथंच ठेवून हात हलवत घरी यायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

महबूबभाईची शेड अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. पूर्वी तिथं चादरीचे माग धडधडायचे. माग भंगारात गेले आणि त्याच जागी भंगार येऊन पडलं, पण हे भंगार निराळं. लॅपटॉपच्या, ई-रिक्षाच्या, स्कूटरच्या मेलेल्या बॅटऱ्या. त्या फोडल्या की आतनं बोटाएवढे गोल सेल निघायचे. चौदा बायका ते वेगळे करायच्या, त्यांच्या टोकाला चिकटलेल्या पट्ट्या पकडीनं सोलायच्या आणि डब्यात लावायच्या. कामावर नजर महबूबभाईच्या भाचीची, शाइस्ताची. डिप्लोमा केलेली, पंचविशीची पोरगी, पण बोलणं असं की म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा मान हलवावी.

पहिल्याच दिवशी तिनं बायकांना समोर बसवून सांगितलं होतं की या सेलात लिथियम असतं, कोबाल्ट असतं, निकेल असतं. हे आपल्या मातीत फारसं सापडत नाही, लांबच्या मुलखातनं जहाजानं येतं. ज्यांच्या हातात ते आहे त्यांनी उद्या तोटी बंद केली, की इकडं विजेच्या गाड्या जाग्यावर उभ्या. उन्हाची वीज साठवायची म्हटलं तरी हेच लागतं. म्हणून पुण्याची कंपनी जुने सेल मागतेय, त्याची काळी पूड करून त्यातनं धातू काढतेय. मावशी, आपली खाण ही, ती म्हणाली होती, खाली खणायची नाही, पोत्यातनं उपसायची. गिरिजाबाईला हे इतकं आवडलं की विडी घरकुलातल्या, म्हणजे विडीवाल्यांच्या वसाहतीतल्या, सगळ्या गल्लीला ती सांगत सुटली, मी आता खाणीत कामाला हाय म्हणून. लोक हसले. हसू देत की.

शाइस्ताचे नियम होते. सेल बाहेर न्यायचा नाही. फुगलेला दिसला की लगेच वाळूच्या ड्रममध्ये टाकायचा. आणि ऊन लागू द्यायचं नाही, थंडाव्यात ठेवायचं. आता थंडाव्यात ठेवणं म्हणजे काय हे गिरिजाबाईला पोरगी काय शिकवणार? विडीचं पान वाळलं की तुकडे पडतात, म्हणून ते ओल्या गोणपाटात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून बाजेखाली सरकवायचं. घरातली सगळ्यात थंड जागा ती. तीस वर्षांत तिचं एक पान वाया गेलं नव्हतं.

त्या शनिवारी तिची लेक महेश्वरी दवाखान्यातनं घरी यायची होती. पहिलटकरीण, मुलगी झालेली, पण वजन कमी म्हणून लेकराला आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवलेलं. ते आठ दिवस गिरिजाबाईनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. पाचवी पुजायची राहिली. उशाशी ठेवलेला अडकित्ता नर्सबाईनं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि तेव्हापासून बाईच्या जिवाला घोर. तान्ह्याच्या उशाखाली लोखंड नाही म्हणजे दार उघडं टाकून झोपल्यागत. आता बाळंतीण घरी येणार, तिच्याजवळ बसायला हवं, आणि सोमवारी तर पुण्याच्या कंपनीची माणसं शेड बघायला येणार, सगळा माल सोलून तयार पाहिजे. मग तिनं केलं ते तिच्या हिशेबानं सरळच होतं. आपल्या वाटणीचे उरलेले पंचवीस सेल दोऱ्यानं एकत्र बांधले, कट्टाच तो, घरी आणले, ओल्या गोणपाटात गुंडाळून पानाच्या जुन्या डब्यात घातले, झाकण गच्च बसवलं आणि डबा बाजेखाली लोटला. रविवारी बसून सोलू, सोमवारी नेऊ.

रविवारी कसलं बसणं! बघायला येणाऱ्यांचा राबता. चहा, साखर, पुन्हा चहा. जावई, बसू त्याचं नाव, होटगीहून आला, लेकराला लांबूनच बघून लाजला आणि ड्युटीला गेला. तो रेल्वेच्या रुळांवर कामाला. डबा बाजेखाली तसाच राहिला, आणि खरं सांगायचं तर ती तो विसरूनच गेली.

सोमवारी सकाळी गिरिजाबाई कामाला निघताना महेश्वरी म्हणाली, "अव्वा, खोलीत कसला तरी गोड वास येऊलालाय. नेलपॉलिशवानी."

दवाखान्यातल्या स्पिरिटचा असंल, कपडे धुवायला टाकते, असं गिरिजाबाई म्हणाली. तिला घाई. घाईघाईतच तिनं चार गोष्टी सांगून ठेवल्या. अकराला मथुराबाई येईल, ती मालीश करून दोघींना न्हाऊ घालील. थंडी लई हाय, तर न्हाणं झालं की बाजेखाली शेगडी ठेवायला सांग, ओवा-शेपाची चांगली धुरी होऊ दे. लेकराच्या उशाखाली काहीतरी लोखंडी ठेवायला तिलाच सांग. आणि तो फोन मुका करून फडताळात ठेव, पोर दचकतंय. हे सगळं मायेनं सांगितलेलं. त्यातला एक शब्दसुद्धा वाईट नव्हता.

शेडमध्ये साडेदहाला पुण्याची माणसं आली. एक उंच बाई आणि एक चष्मेवाला. त्यांनी सगळं फिरून बघितलं, हातमोजे बघितले, वाळूचे ड्रम बघितले. मग शाइस्तानं सगळ्या बायकांना मागच्या अंगणात बोलावलं. सेल पेटला तर काय होतं हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघून ठेवलं पाहिजे, ती म्हणाली. सिमेंटच्या हौदात एक सेल ठेवलेला, त्याखाली छोटी शेगडी. गिरिजाबाई पदर तोंडाला लावून दुसऱ्या रांगेत उभी. तिच्या मनात तेव्हा दुपारी घरी जाताना बाळंतिणीसाठी खारीक-खोबरं घ्यायचं एवढंच होतं.

आधी काही झालं नाही. बायका कुजबुजायला लागल्या. मग सेलातनं बारीक शिट्टी निघाली, पांढरा धूर आला आणि त्या धुराबरोबर एक वास. गोड. नेलपॉलिशचा. गिरिजाबाईनं पदर खाली घेतला. पुढच्या क्षणी हौदात भडका उठला, असा की पहिल्या रांगेतल्या बायका मागच्यांच्या अंगावर आल्या. शाइस्तानं वरनं तांब्याभर पाणी ओतलं. आग विझली वाटली आणि पुन्हा उसळली.

शाइस्ता शांतपणे सांगत होती. हा एकच होता. शेजारी दुसरा असता तर तो पेटला असता, त्याच्याकडून तिसरा. ओलावा लागला की आतनं गंजतात, गळायला लागतात, गोड वास आला म्हणजे समजायचं की गळतोय. बंद डब्यात असले तर डबा फुटतो. आणि तापायला मोठा जाळ लागत नाही, निखाऱ्याची धग पुरते.

ओलावा. बंद डबा. गोड वास. निखारे. एकेक शब्द गिरिजाबाईच्या कानात पडत गेला. तिला ती बाज दिसली. बाजेवर महेश्वरी, कुशीत साडेपाच पौंडांचं लेकरू, आणि खाली मथुराबाई वाकून शेगडी सरकवतेय. डब्याच्या शेजारी. डब्याला लावूनच, कारण दुसरी जागाच नाही तिथं.

तिनं कोपऱ्यात जाऊन फोन काढला. महेश्वरीचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मग आठवलं, फोन मुका करून फडताळात ठेव असं आपणच सांगितलंय. बसूला लावला, तो लागेना. मथुराबाईकडं फोन असण्याचा प्रश्नच नव्हता. गिरिजाबाईच्या फोनमध्ये नंबर तीनच होते, आणि तिसरा या शेडचा.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. आता तुम्ही म्हणाल, मग बाई ओरडली का नाही? अहो, सोपं असतं व्हय ते? समोर पुण्याची माणसं. सेल बाहेर गेल्याचं त्यांच्या कानावर पडलं की महबूबभाईचं काम जाईल, त्याच्या मागं चौदा जणींची चूल. आणि आपल्या कपाळावर चोर म्हणून शिक्का बसेल तो निराळाच. गुपचूप निघावं, रिक्षा धरावी, कुणाला कळायच्या आत डबा उचलून आणावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा. रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, रिक्षाचं नाव नाही. तिथं उभ्या उभ्या तिला तो भडका पुन्हा दिसला, आणि लाज, नोकरी, सगळं गळून पडलं. ती उलट्या पावली पळत अंगणात आली आणि सगळ्यांच्या देखत शाइस्ताचा दंड धरला.

"माझ्या घरात हायती. पंचवीस. बाजेखाली, ओल्या गोणपाटात. अन् वर माझी बाळंतीण हाय."

चष्मेवाल्यानं तोंड उघडलं, पण शाइस्तानं त्याच्याकडं बघितलंच नाही. तिनं एवढंच विचारलं की डब्याला झाकण आहे का. आहे म्हटल्यावर पोरीचा चेहरा पांढरा पडला, आणि तो बघून गिरिजाबाईची उरलीसुरली आशा संपली. ज्याला कळतं तोच घाबरला की आपण कुणाच्या तोंडाकडं बघायचं? शाइस्तानं मामूला, म्हणजे महबूबभाईला, अग्निशमनला फोन लावायला सांगितलं, वाळूची बादली आणि चिमटा उचलला आणि स्कूटर काढली. गिरिजाबाई बादली मांडीत धरून मागं बसली.

त्या रस्त्याबद्दल काय सांगावं? एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता. ट्रॉल्यांच्या मधनं, कडेच्या फुफाट्यातनं पोरगी गाडी काढत होती. एका ठिकाणी ट्रॉलीचं चाक फसलेलं आणि दोन्हीकडची वाहनं अडलेली. गिरिजाबाई मनातल्या मनात मथुराबाईच्या हाताबरोबर चालत होती. आता तेल लावून झालं असंल. आता पाठ चोळतीय. आता लेकराला पायावर घेतलंय, पाणी घालतीय, ते रडतंय. सावकाश घाल ग मथुराबाई, पाय पडते तुझ्या, आज गप्पा मार, उखाळ्यापाखाळ्या काढ, तुझ्या सुनेची गाऱ्हाणी सांग, पण न्हाणं लांबव. एरवी हीच गिरिजाबाई मथुराबाईच्या बडबडीला वैतागायची. आज ती बडबड देवाजवळ मागत होती. सिद्धेश्वराला तिनं नारळ बोलला, मग पाच बोलले, मग काय बोलावं ते सुचेना.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर आली तेव्हा घरातनं धूर निघत होता. मग वास आला. ओवा आणि शेप. धुरीचा धूर होता तो. म्हणजे अजून काही झालं नव्हतं, आणि म्हणजे शेगडी बाजेखाली गेली होती.

ती बादली टाकून धावली. आत महेश्वरी कानाला टापर बांधून बाजेवर डोळे मिटून पडलेली, लेकरू कुशीत, मोहरीच्या उशीवर. मथुराबाई दारात पाय पसरून चहा पीत होती. गिरिजाबाईनं तिला ओलांडलं आणि जमिनीवर पालथी पडून बाजेखाली बघितलं. निखारे लालबुंद. त्यांना टेकून डबा. आणि डब्यातनं आवाज येत होता, सुं सुं, भाताच्या भांड्याखालची आच मोठी झाल्यावर झाकण बोलतं तेवढाच.

हात घालू नका, असं शाइस्ता मागनं ओरडली. गिरिजाबाईला ऐकू आलं, पण चिमटा शाइस्ताच्या हातात, ती अजून दारात, आणि दारात मथुराबाई. तिनं दोन्ही हातांनी डबा ओढला. पत्रा तव्यावानी तापलेला. कातडी चर्र झाली ते तिला कळलं, पण सोडला नाही. डबा छातीशी न धरता लांब धरून ती मथुराबाईच्या चहावरनं, उंबऱ्यावरनं बाहेर पळाली. समोर एका घराचं बांधकाम चाललेलं, वाळूचा ढीग पडलेला. तिनं डबा त्या ढिगावर भिरकावला आणि मागं वळली, तेवढ्यात झाकण उडालं.

मग जे झालं ते सगळ्या गल्लीनं बघितलं. एक शिट्टी, दुसरी शिट्टी, भडका, आणि डब्यातनं सेल एकेक करून उडायला लागले. पोरंबाळं ओढून घरात घेतली गेली. शाइस्ता ओढणी नाकाला बांधून लांबूनच वाळू ओतत होती. मथुराबाई वयानं सत्तरीची, पण तिनं त्या गोंधळात शहाणपणा केला. बाळंतिणीला धरून मागच्या दारानं बाहेर काढलं, आणि लेकरू दुपट्यासकट, उशीसकट उचलून पाठीमागच्या शेजारणीच्या, रेश्माच्या माडीवर नेऊन निजवलं. पोर अगदी जागंसुद्धा झालं नाही. न्हाऊन धुरी घेतलेलं लेकरू ते, मेल्यावानी झोपतं.

दहा मिनिटांत सगळं थंड झालं. गिरिजाबाई उंबऱ्यावर बसली. कुणीतरी तिच्या हातांवर पाणी ओतत होतं. बोटांची टोकं पांढरी पडली होती, ज्या बोटांनी तिनं किती विड्या वळल्या असतील त्याला गणतीच नाही. तिला दुखतसुद्धा नव्हतं. लेकरू वाचलं, महेश्वरी वाचली, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि रडत होती. लोक तिला शिव्या देत होते, काही जणी पाठीवरनं हात फिरवत होत्या. शाइस्ताचा फोन सारखा वाजत होता, शेडमधनं. शेवटी तिनं उचलला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. काम राहील का जाईल ते ती म्हणाली नाही. फोन ठेवून ती चिमट्यानं वाळू उकरायला लागली, कारण एखादा गरम सेल आत राहिला तर रात्री पुन्हा पेटेल. काळे झालेले सेल तिनं एका ओळीत मांडले.

"मावशी, किती आणले होते?" तिनं विचारलं.

पंचवीस, गिरिजाबाई म्हणाली.

शाइस्तानं पुन्हा मोजले. चोवीस होते. मोजताना चूक झाली असेल मावशी तुमची, ती म्हणाली. तशी गिरिजाबाईचं रडणं थांबलं.

"माझा कट्टा तीस वर्षांत कधी चुकला न्हाय."

खरंच होतं ते. कारखान्यातला मेला छाट काढणारा, वाईट विड्या वेचून बाजूला टाकणारा, ज्यानं कुणाच्या मालाला नावं ठेवायचं सोडलं नाही, तोसुद्धा तिचा कट्टा मोजून घेत नसे. पंचवीस म्हणजे पंचवीस. मग सगळे शोधायला लागले. वाळूचा ढीग पसरून बघितला, गटार बघितलं, शेजारच्या पत्र्यावर चढून बघितलं. शेगडीत पडला असेल म्हणून शाइस्तानं निखारे बाहेर आणून काडीनं वेगळे केले. नव्हता शेगडीत.

मथुराबाई एवढा वेळ बाजूला फुगून बसली होती. तिचा चहा सांडला होता आणि एवढं करून कुणी तिला चांगलं म्हटलं नव्हतं. काय शोधताय तरी काय, तिनं विचारलं. शाइस्तानं तिला चिमट्यातला काळा सेल दाखवला. म्हातारीनं डोळे बारीक केले. असलाच व्हय, ती म्हणाली, मग तो काय हरवलाय थोडाच. शेगडी सरकवताना डबा आडवा आला, उघडून बघितला, वाटलं पान असंल, वाळलं असंल तर पाणी मारावं. तर आत ही लोखंडं. त्यातलं एक वरचं साल निघालेलं, नुसतं चकचकीत.

"तूच म्हणलीस की, लेकराच्या उशाखाली लोखंड ठेव म्हणून. ठेवलंय."

गिरिजाबाई उठली ती कशी उठली सांगता येत नाही. रेश्माचा जिना अरुंद, कठडा नसलेला, तो ती जळक्या हातांनी भिंत धरून चढली. मागं शाइस्ता. वर खोलीत उन्हाचा पट्टा पडला होता, आणि तो पट्टा बरोबर दुपट्यावर. महेश्वरी शेजारीच भिंतीला टेकून बसलेली, पेंगत. लेकरू मोहरीच्या उशीवर डोकं टाकून निवांत. एका मुठीत स्वतःचाच कान धरलेला.

हाक मारावी तर महेश्वरी दचकून लेकराला धक्का देईल. गिरिजाबाई गुडघ्यांवर बसली. डावा हात लेकराच्या पाठीखाली घातला, उचललं, महेश्वरीच्या मांडीत ठेवलं. मग उशी वर केली. खाली तो पडला होता. उघडा, पांढरा, चकचकीत, अंगावर एक डाग नाही. तिनं तो बोटांत घेतला.

तो कोमट होता. लेकराच्या डोक्याची ऊब उशीतनं खाली आली असेल. उन्हाची असेल. तिची बोटं भाजलेली, त्यांना सगळंच गरम लागत असेल. नाहीतर तो आतनं तापत असेल. तिला काही म्हणजे काही समजेना. सेल लांब धरून ती जिना उतरली, एकेक पायरी, कान त्याच्याकडं लावून, शिट्टी ऐकू येते का बघत. गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंना सरकली. बादलीतल्या वाळूत तिनं तो ठेवला आणि त्याच्यावर वाळू लोटली, आणि तिथंच बसली.

काही झालं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तेवढ्यात अग्निशमनची गाडी आली, विझलेला ढीग बघून, चार प्रश्न विचारून माघारी गेली. अर्ध्या तासानं शाइस्तानं सेल चिमट्यानं बाहेर काढला, खिशातला मीटर त्याच्या टोकांना लावला आणि बराच वेळ आकड्याकडं बघत राहिली. चांगलाय का, गिरिजाबाईनं विचारलं. तिला वाटलं, मेलेला असेल तर बरं, मग आपण उगाच घाबरलो म्हणता येईल.

पोरीनं हळू आवाजात सांगितलं की हा पूर्ण भरलेला आहे. बाकीचे चोवीस अर्धेमुर्धे होते, म्हणून एवढ्यावर निभावलं. भरलेला जो असतो तो सगळ्यात जोरात पेटतो. पोत्यात असता तर हाच आपण पहिल्यांदा बाजूला काढला असता, याला मोल आहे.

मथुराबाई जायला निघाली तेव्हा दिवस कलला होता. तिला काय झालं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण आपल्या हातनं काहीतरी वंगाळ होता होता राहिलं एवढं समजलं होतं. दारात उभी राहून तिनं दबक्या आवाजात विचारलं, मग आता लेकराच्या उशाखाली काय ठेवू? घरात विळी आहे, कात्री आहे, सांग.

गिरिजाबाई बाजेशेजारी जमिनीवर बसली होती. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली.

"काय बी नगं," ती म्हणाली. "मी बसते हितं."

मथुराबाई गेली. महेश्वरी लेकराला पाजून झोपली. बाजेखाली काही नव्हतं, शेगडी नव्हती, डबा नव्हता, झाडून पुसून लख्ख केलेली फरशी होती. तरी गिरिजाबाई थोड्या थोड्या वेळानं वाकून बाजेखाली बघायची. मग सरळ व्हायची, त्या फडकी बांधलेल्या हातानं लेकराचं डोकं अलगद उचलायची, मोहरीची उशी वर करून खाली बघायची, आणि पुन्हा ठेवायची. लेकराचं डोकं कोमट होतं. ती तिथं नाक लावून वास घ्यायची, दुधाचा येतोय का दुसरा कसला.

महेश्वरीनं मध्येच डोळे उघडून विचारलं, अव्वा, काय बघतीस? काही न्हाय, नीज तू, गिरिजाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे मिटेपर्यंत थांबून तिनं उशी पुन्हा उचलली.